शिवार फेरीला जाताना

 

आज आपण शिवार फेरीविषयी बोलू या. कृषी विद्यापीठ किंवा संशोधन केंद्र आपलं रान शेतकऱ्यांसाठी खुलं करतं. उभी पिकं दाखवतात, शास्त्रज्ञ बांधावर उभे राहून माहिती सांगतात, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देतात. हीच शिवार फेरी.

आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. अकोल्याला खरिपाची पिकं रानात उभी असताना शिवार फेरी भरते. परभणीला 18 मे या विद्यापीठाच्या स्थापना दिनी खरीप मेळावा असतो, 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी रब्बीचा आणि 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला महिला शेतकरी मेळावा. तारीख एखाद्या वर्षी पुढंमागं होते, म्हणून निघण्याआधी कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यायचं.

आता आमचा मुद्दा. गावातून अशा मेळाव्याला गाडी भरून माणसं जातात. त्या गाडीत बाया किती असतात? निंदणी आपण करतो, कापूस आपण वेचतो, शेंगा आपण तोडतो, बी निवडून आपणच ठेवतो. पण वाण कोणता आणायचा हे पारावर नाहीतर दुकानाच्या ओट्यावर ठरतं. वाण बदलला की आपलं काम बदलतं, घरातलं खाणं बदलतं, जनावरांची वैरणही बदलते. म्हणून वाण पाहायला आपणच गेलं पाहिजे, आणि आपले प्रश्न घेऊन गेलं पाहिजे.

पहिला प्रश्न पाटीवरच्या आकड्याचा. प्रत्येक वाणापुढं पाटी असते आणि तिच्यावर उत्पादन हेक्टरी लिहिलेलं असतं. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. पाटीवर 25 क्विंटल असेल, तर एकरी झाले 10. मग लगेच विचारायचं, साहेब, हे पाणी देऊन की कोरडवाहू? आमच्या हलक्या रानात किती येईल?

दुसरा प्रश्न काढणीचा. बदनापूरच्या केंद्रानं काढलेला तुरीचा बीडीएन 711 हा वाण साधारण 150 ते 155 दिवसांत येतो आणि शेंगा एकदमच पक्व होतात. सोयाबीनचा एमएयूएस 162 हा वाण यंत्रानं काढता येईल असा सरळ वाढतो. ऐकायला चांगलं वाटतं. पण आपल्या गटात जमीनवाल्या आहेत तशा मजुरीवर जाणाऱ्याही आहेत. जिच्या रानात काढणी लवकर उरकेल तिची सोय झाली, आणि जिची आठ दिवसांची मजुरी यंत्रानं नेली तिनं काय करायचं? उत्तर शास्त्रज्ञाकडं तयार नसेलही. तरी प्रश्न विचारायचाच, कारण विचारल्याशिवाय तो कुणाच्या वहीत जात नाही. आणि घरी आल्यावर गटात आपसातही बोलायचं.

तिसरा प्रश्न चुलीचा. परभणी शक्ती नावाची ज्वारी आहे, तिच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. रक्त कमी असलेल्या बाया आणि वाढती मुलं घरोघरी आहेत, म्हणून ही ज्वारी नीट पाहून घ्या. पण भाकरी कशी होते, पीठ किती दिवस टिकतं, कडबा जनावरं आवडीनं खातात का, हे आपणच विचारायचं. हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

चौथा प्रश्न बियाण्याचा. हे बी पुढच्या वर्षी घरचं ठेवता येईल का? संकरित असेल तर दरवर्षी विकत घ्यावं लागतं. सुधारित सरळ वाण असेल तर घरचं ठेवता येतं. सोयाबीनचं घरचं बी पेरण्याआधी उगवण तपासा. 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवड्यानं मोजा. 70 किंवा जास्त दाण्यांना चांगले कोंब आले तर एकरी 30 किलो बी पुरतं. कमी आले तर त्या हिशोबानं बी वाढवावं लागतं.

पाचवी गोष्ट अवजारांची. अवजारांच्या मांडवात नुसतं लांबून पाहू नका, हातात घेऊन पाहा. दापोलीचा वैभव विळा दातेरी आहे, त्याला सारखी धार लावावी लागत नाही आणि पीक जमिनीलगत कापता येतं. मूठ आपल्या हातात बसते का? वाकून कंबर दुखेल की नाही? हे सांगायला कापणारीचाच हात लागतो.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. मातीचा नमुना घेऊन जा. शेतातल्या आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल माती घ्यायची, एकत्र कालवायची आणि त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरायची. झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याशेजारची माती नको. खताच्या रिकाम्या पोत्यात भरायची नाही. पिशवीत नाव, गाव, गट नंबर आणि पिकाची चिठ्ठी टाकायची. पिकावर रोग पडला असेल तर पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या, शेंडा आणि मुळं दोन्ही दिसू द्या.

चौघी-पाचजणी मिळून जा. एकीनं विचारायचं, एकीनं वहीत लिहायचं. सात-बारावर नाव आहे की नाही, हे तिथं कुणी विचारत नाही. बोलताना संकोच वाटला तर आपली रोजची भाषा बोला, शास्त्रज्ञांना ती कळते.

परत आल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीत वही मोठ्यानं वाचा. कुणा एकीनं नवा वाण एखाद्या गुंठ्यात लावून पाहावा, शेजारी नेहमीचाही लावावा. निंदणीला किती दिवस गेले, काढणीला किती, दाणा किती आला, भाकरी कशी झाली, सगळं लिहून ठेवावं. पुढच्या हंगामात घरात वाणाची गोष्ट निघाली की ती वही पुढं करायची. मग आपलं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल.