जुनी गाडी, नवे ब्रेक पॅड



मारुती ८०० आपल्या रस्त्यांवर आली १९८३ साली आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ मध्ये. तरीही अनेक घरांसमोर ती आजही उभी असते. माझ्याकडेही एक आहे. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या तपासणीत ब्रेकही पाहतात. पण ब्रेकची काळजी काही केवळ तपासणीपुरती घ्यायची नसते. तिच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. ते कसे, हे आज सांगणार आहे.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या चाकांना करावं लागतं आणि तिथले पॅड आधी झिजतात. पॅडवरचा घर्षणाचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की ते बदलावेत. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येईपर्यंत थांबलात, तर डिस्कही खराब होते आणि खर्च वाढतो.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. हॅण्डब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दगडाची ओट लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. डिक्कीतला जॅक गाडी उचलण्यापुरता. काम करताना गाडी तोलून धरायला भक्कम स्टँडच हवा. विटांचा भरवसा धरू नका, त्या एकाएकी फुटतात.

चाक काढल्यावर कॅलिपर दिसेल. त्याचे दोन बोल्ट काढून तो उचला आणि तारेने वर बांधून ठेवा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. नळीला चिरा दिसल्या, तर तीही बदलायची वेळ झाली. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन हळूहळू आत ढकलावा लागतो. तेव्हा बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, त्यावर लक्ष ठेवा. ते रंगावर सांडलं तर रंग उतरतो. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅडला आणि डिस्कला मात्र तेलकट हात लागता कामा नये. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू पाहून जुळवता येतं. पण पॅड बदलायचे ते दोन्ही चाकांचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

आता सर्वांत महत्त्वाचं. सगळं बसवून झालं, चाकाचे नट आवळले, की गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल हळूहळू अनेकदा दाबा. पिस्टन आत ढकललेला असल्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. गल्लीत मुलं खेळत असतात. पेडल टणक झाल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, हा नियम मी कधीही मोडत नाही. मग ऑइलची पातळी पाहा आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवून पाहा. सुरुवातीचे काही दिवस करकचून ब्रेक मारणं टाळा. नवे पॅड डिस्कवर नीट बसू द्या.

पेडल दाबल्यावर स्पंजासारखं मऊ लागलं, कुठे ऑइल गळताना दिसलं किंवा डिस्कवर खोल चरे आढळले, तर तिथे थांबा आणि जाणत्या मेकॅनिकला बोलवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग घाटाच्या लांब उतारावर ते उकळू शकतं; म्हणून तेही दोन वर्षांनी बदलून घ्यावं.

पैसे वाचतात, हे खरंच. पण आपली गाडी कशाच्या जोरावर थांबते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस ती जपून चालवतो. मला तरी हा लाभ मोठा वाटतो.