बेन नेव्हिसच्या चढणीचा बेत
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आमची थोरली मुलगी शिकण्यासाठी स्कॉटलंडात ग्लासगो शहरी गेली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. तिथला बेन नेव्हिस नावाचा डोंगर चढायला ती निघाली, तेव्हा बेत कसा आखला ते सभेत सांगा, असे चिटणीसबाईंनी मला सुचवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण तिने लिहून पाठवलेला कागद मी इतक्या वेळा वाचला आहे की तो आता मला पाठच झाला आहे.

बेन नेव्हिस हा साऱ्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. उंची 1345 मीटर. हे ऐकून आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढाच ना? आपली कळसूबाई 1646 मीटर, आणि नवरात्रात तिथे म्हाताऱ्या बायकासुद्धा जातात!" वहिनींचा आकडा बरोबर आहे. पण बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून सुरू होते, म्हणजे सगळी उंची पायांनीच चढायची. शिवाय तो मुलूख फार उत्तरेला. माथ्यावरच्या हवेचे वर्षाचे सरासरी तापमान शून्याच्या जरा खालीच. पाऊस वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर, आणि वर्षातले बहुतेक दिवस माथा ढगात बुडालेला. मे महिना संपत आला तरी वर बर्फ असू शकते.

हे कळले कसे, तर 1883 ते 1904 पर्यंत माथ्यावर वेधशाळा होती आणि माणसे तिथे राहून रात्रंदिवस नोंदी करीत. आज लोक ज्या वाटेने चढतात ती वाट त्या वेधशाळेसाठीच बांधलेली. त्याच्याही आधी, 1881 साली, क्लेमंट रॅग नावाचे गृहस्थ उन्हाळाभर रोज डोंगर चढून वरच्या नोंदी घेत, आणि त्यांची पत्नी खाली फोर्ट विल्यम गावात राहून त्याच वेळच्या नोंदी घेई. खालच्या नोंदीवाचून वरच्या नोंदीची तुलना कशाशी करणार? मला या बाईंचे फार कौतुक वाटते. त्यांचे नाव मात्र कोणी घेत नाही.

आता बेताकडे वळते. मुलीला मी पहिला प्रश्न विचारला तो असा की, "किती वाजता परत येणार?" ती म्हणाली, "आई, सगळे तिथूनच मोजायचे असते." हिशेब घरखर्चासारखाच आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक नियम सांगितला, तो अजून वापरतात. पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि चढणीच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास मिळवायचा. बेन नेव्हिसची वाट एका बाजूने साधारण आठ किलोमीटर. म्हणजे चालण्याचा दीड तासाहून थोडा जास्त आणि चढणीचे सव्वादोन, मिळून पावणेचार तासांच्या वर. खाणेपिणे, दम खाणे धरून पाच. सकाळी आठला निघाले तर एक वाजता माथा. उतरायला साडेतीन-चार तास. पाचला खाली.

मग त्या चौघांनी ठरवले की एक वाजला की जिथे असू तिथून माघारी फिरायचे, माथा समोर दिसत असला तरी. आणि चौघांपैकी एकानेही "नको" म्हटले तर चौघांनी फिरायचे, मते मोजायची नाहीत. हा दुसरा नियम मला पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण तरुण मंडळींत "मला भीती वाटते" असे म्हणायला कोणी तयार नसते.

सामानात कपड्यांवर माझा तिच्याशी वाद झाला. मी सुती कपडे घे म्हणत होते. तिने समजावले की सुती कापड भिजले की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून जीनसुद्धा चालत नाही. आत पातळ न भिजणारे, मग लोकरीचे, आणि वर वारापाऊस अडवणारा कोट. टोपी, हातमोज्यांचे दोन जोड, घोट्यापर्यंतचे बूट. पायथ्यापेक्षा वर आठ-नऊ अंशांनी थंडी जास्त असते आणि वाऱ्याने ती दुप्पट लागते. डोक्याला बांधायचा दिवा, शिट्टी, आणि वाऱ्यात आत शिरून बसायला मोठी पिशवी. फराळाचे मात्र माझे ऐकले. चिक्की, खजूर आणि गूळपोळ्या. गूळपोळी थंडीत दगडासारखी होते म्हणे, पण संपली सगळी.

खरी भीती चढताना नाही, माथ्यावरून परत फिरताना आहे. माथा सपाट, धोंड्यांनी भरलेला. उत्तरेला सहाशे-सातशे मीटरचे कडे, आणि त्यांच्या घळी पार वाटेच्या जवळ येतात. बर्फ असले म्हणजे कड्याच्या बाहेर बर्फाची पडवी तयार होते, आणि खाली जमीन आहे असे समजून माणूस तिच्यावर पाय ठेवतो. यांतल्या एका घळीचे नाव गार्डीलू. जुन्या एडिंबरोत खिडकीतून घाण पाणी ओतताना बायका तसे ओरडत, आणि वेधशाळेची माणसे आपला केरकचरा त्या घळीत टाकीत! कड्याला घाबरून उलट बाजूला फार सरकले तर खाली उतरताना फाइव्ह फिंगर नावाची दुसरी घळ वाट पाहत असते. धुक्यात पाय सोडून काही दिसत नाही. त्यासाठी होकायंत्राचे दोन आकडे पाठ करायचे. माथ्यावरच्या मोजणीच्या खांबापासून 231 अंशांवर दीडशे मीटर, आणि तिथून 282 अंशांवर वळणावळणाच्या वाटेपर्यंत. दीडशे मीटर पावलांनी मोजायचे असतात, म्हणून आपली शंभर मीटरची पावले आधी ठाऊक हवीत. शाळेच्या मैदानावर आखलेल्या पट्टीवर मी माझी मोजली, दीडशे भरली. फोनात नकाशा असतो हे खरे, पण थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. कागदाचा नकाशा आणि होकायंत्र दोघांजवळ तरी पाहिजे.

आणि घरच्या माणसाजवळ कागद पाहिजे. कोणती वाट, कोण कोण, कोणत्या रंगाचे कोट, किती वाजता परत. एक कागद माझ्याकडे आणि एक तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे, कारण इथून 999 फिरवून तिथल्या पोलिसांना फोन लागत नाही. मैत्रिणीने रात्री आठपर्यंत वाट पाहायची, मग 999 लावून पोलीस मागायचे आणि पोलिसांना डोंगरावरच्या मदतपथकाचे सांगायचे. त्या पथकांतली माणसे पगारी नसतात, कामधंदा टाकून येतात. डोंगरावर अडकलेल्याने मिनिटात सहा शिट्ट्या द्यायच्या, एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा.

2024 च्या मे महिन्यात ती मंडळी निघाली. त्यांचे पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. नऊलाच फोन आला. वळणाच्या वाटेवर वरच्या अंगाला बर्फ लागले, धुके उतरले, आणि एक वाजायला आला. एक मुलगा म्हणत होता, "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे." दुसरी मुलगी "नको" म्हणाली, आणि सगळे फिरले. आमची फोनवर रडत होती. इथेही दोघीतिघींनी मला ऐकवले की एवढे पैसे घालून गेली आणि अर्ध्यावरून आली. मी त्यांना चहा दिला आणि कागद वाचायला दिला.

सप्टेंबरात ती मंडळी पुन्हा गेली, एक तास लवकर निघून. या वेळी माथा गाठला. वर पाच मिनिटे उघडले आणि पुन्हा धुके. उतरताना 231 आणि 282 दोन्ही आकडे कामाला आले.

आता ती हिवाळ्यात जायचे म्हणते आहे. त्याला बर्फाची कुऱ्हाड, बुटाला बांधायचे लोखंडी दात आणि ते वापरण्याचे रीतसर शिक्षण लागते, आणि तिथे दुपारी चारलाच अंधारू लागते. आधी शीक, मग बेत लिहून पाठव, असे मी तिला सांगितले आहे. तो कागद अजून आलेला नाही.