तोंड दाबून बुक्क्यांचा मार



आयुष्यभर मराठी शब्दांची संगत केली. म्हणून या अप्रिय विषयाकडेही शब्दांच्याच वाटेने जातो. मुलाला मारणे यास आपण ‘वळण लावणे’ म्हणतो. घरातले दुःख दडपतो आणि ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून समाधान मानतो. त्या मुठीत काय गुदमरते, तेही आपल्याच भाषेने सांगून ठेवले आहे : तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तोंड दाबलेले असते, म्हणूनच मार चालू राहतो.

केंद्र सरकारने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील 12,447 मुलांना विचारणा झाली. त्या राज्यांत गोवाही होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार सोसला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. लैंगिक अत्याचार करणारे निम्मे जण मुलाच्या ओळखीतले, विश्वासातले. बहुतेक मुलांनी हे कुणाला सांगितलेच नव्हते.

मडगावी अनाथ मुलांचा आधार म्हणून मिरवणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 साली अटक झाली, 1996 साली शिक्षा झाली. गोवा हादरला. पुढे 2003 साली आपला बालकायदा आला आणि त्यान्वये स्वतंत्र बालन्यायालयही. परंतु म्हापशाच्या बिऱ्हाडात काय, पेडणे-डिचोलीच्या वाड्यावर काय, बंद दाराआडची गोष्ट कुणी सांगितल्यावाचून कायद्याला कळत नाही.

ती आधी कळू शकते शिक्षकाला. बोलके मूल अबोल होते, शाळा सुटली तरी घरी जाण्यास रेंगाळते, अंगावरच्या वळांची कारणे रोज बदलते. अशा मुलाला एकांतात, कोंकणी असो वा मराठी, त्याच्या घरच्या बोलीत विचारावे. उलटतपासणी करू नये. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, आणि पालकांना बोलावून त्यांच्यासमोर त्याची साक्ष तर मुळीच काढू नये. त्याला संध्याकाळी त्याच घरी परतायचे असते. 1098 या क्रमांकावर वा पोलिसांना कळवावे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणे हा 2012 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यास मात्र त्याच कायद्याचे संरक्षण आहे.

‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा?’ असे कुणी म्हणेल. मूल आपल्या वर्गात येऊन बसले, तेव्हाच ते घर आपल्यापुरते परके राहिले नाही. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग मला तरी हाच दिसतो.