चेलो वाजवणारी मुलगी

आज आम्ही तुम्हाला अनिता लास्कर-वॉलफिश यांच्याबद्दल सांगणार आहोत.

अनिताचा जन्म १९२५ सालचा, जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचा. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. वडील वकील, आई व्हायोलिन वाजवायची. घरात तीन बहिणी. अनिता चेलो शिकत होती. चेलो म्हणजे व्हायोलिनसारखंच, पण बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य.

घर ज्यू होतं, एवढाच त्यांचा गुन्हा. थोरली बहीण वेळेवर इंग्लंडला गेली. एप्रिल १९४२ मध्ये आईवडिलांना नाझींनी नेलं, ते परत आलेच नाहीत. अनिता आणि रेनाटे या बहिणींना कागदाच्या कारखान्यात कामाला जुंपलं. तिथल्या फ्रेंच मजुरांना त्या चोरून खोटी कागदपत्रं करून देत. तशाच कागदांवर स्वतः पळायला निघाल्या आणि स्टेशनवर पकडल्या गेल्या. आधी तुरुंग, मग १९४३ च्या डिसेंबरात आउशवित्झची छळछावणी.

तिथे केस भादरले, हातावर ६९३८८ हा आकडा गोंदला. हे काम करणारी बाईही कैदीच. तिने विचारलं, पूर्वी काय करायचीस? अनिता म्हणाली, चेलो वाजवायचे. त्या उत्तराने जीव वाचला! छावणीत बायकांचा वाद्यवृंद होता, आणि त्यात चेलो वाजवणारं कुणी नव्हतं. थोड्या दिवसांनी रेनाटेही तिथे आली. एका बाईच्या पायात तिला आपल्या बहिणीचे बूट दिसले, त्यावरून दोघींची गाठ पडली.

रोज सकाळ-संध्याकाळ फाटकाशी बसून या बायका वाजवत, आणि त्या तालावर कैद्यांना कामावर पाठवत. जवळच माणसं मारली जात होती. वाजवलं नाही तर आपली पाळी. सांगा, यात दोष कुणाचा?

पुढे दोघींना बेर्गन-बेल्झनला हलवलं. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्याने ती छावणी सोडवली. १९४६ मध्ये दोघी इंग्लंडला गेल्या. अनिता तिथल्या नामवंत वाद्यवृंदात चेलो वाजवू लागली. लग्न झालं, मुलं झाली. पण छावणीबद्दल तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. मुलांना कळावं म्हणून कितीतरी वर्षांनी तिने सगळं लिहून काढलं. जर्मनीत पाय ठेवणार नाही म्हणणारी ही बाई पुढे तिथल्या शाळांतून मुलांशी बोलली. २०१८ मध्ये तर जर्मनीच्या संसदेत बोलली. तेव्हा वय होतं ९२.

ही गोष्ट वाचल्यावर आमच्यातल्या एकीने घरी सासूबाईंना विचारलं, "धरणात गाव गेलं, तेव्हा तुम्ही काय काय बरोबर आणलंत?" दोन्ही दुःखांची बरोबरी नाहीच. पण सासूबाई रात्रभर बोलत होत्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं गं."

मैत्रिणींनो, आज घरी एकदा विचारून बघा.