सल्ला देणारे आणि ऐकणारे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला घामच फुटला. त्यात मी विषय घेतला, ‘देशाचे अवकाश धोरण कोण ठरविते?’ घरात सगळे हसले. सातवी शिकलेल्या बाईने रॉकेटवर काय बोलावे! पण मला रॉकेटवर बोलायचे नाहीच. मला बोलायचे आहे ते सल्ल्यावर.

१९६२ साली सरकारने अवकाश संशोधनासाठी एक राष्ट्रीय समिती नेमली. डॉ. विक्रम साराभाई तिचे अध्यक्ष होते. आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे तिचे सदस्य-सचिव, म्हणजे आडनावाने चिटणीस आणि कामानेही चिटणीसच! २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी ते वारले. तेव्हा माझ्या मुलीने मला त्यांची माहिती वाचून दाखविली, आणि हा विषय माझ्या मनात बसला.

पोटाला पुरेसे धान्य नसलेल्या देशाला हे वेड कशाला, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. प्रश्न खोटा नव्हता. साराभाईंचे उत्तर असे होते की, चंद्रावर जाण्याची चढाओढ आपल्याला करावयाची नाही, पण हे ज्ञान सामान्य माणसाच्या अडचणी सोडविण्यासाठी वापरण्यात आपण कोणाच्या मागे राहता कामा नये. १९६३ च्या नोव्हेंबरात केरळातील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले. तेथील देवळाची, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या चर्चची, इमारत गावकऱ्यांनी या कामाला दिली होती.

पुढे १९७२ साली अवकाश आयोग स्थापन झाला. धोरण आयोगाने ठरवावयाचे, अवकाश खात्याने ते अमलात आणावयाचे आणि ‘इस्रो’ने प्रत्यक्ष काम करावयाचे, अशी वाटणी झाली. आपल्या मंडळातही कार्यकारिणी ठरविते आणि हळदीकुंकवाच्या दिवशी पदर खोचून राबणाऱ्या वेगळ्या असतात, तसेच हे.

१९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्ष, अमेरिकेकडून मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखविले गेले. त्यात शेती, आरोग्य, मुलांचे शिक्षण असे विषय होते. चिटणीसांचा त्यात मोठा वाटा होता. मला आवडली ती एक गोष्ट. खेड्यात राहून तेथील माणसांचे म्हणणे समजून घेणारी शिकलेली मंडळीही या कामात होती. ज्याच्यासाठी करावयाचे, त्याला आधी विचारावे, हे त्यांना कळले होते.

आता आमच्या घरचे सांगते. काही वर्षांपूर्वी चैत्रात उन्हाळ कांदा काढून शेतात पडला होता. दुपारी मोबाइलवर गारपिटीची सूचना आली. उपग्रहाची छायाचित्रे आणि जमिनीवरची यंत्रे पाहून हवामान खाते असा अंदाज देते. मी म्हटले, “नाना, ताडपत्री टाकून घेऊ या का?” सासरे म्हणाले, “सूनबाई, आभाळ कसं आरशासारखं आहे. स्वयंपाकाचं बघा.” मी गप्प बसले. दिवेलागणीला गारा आल्या. निम्मा कांदा सडला, आणि मुलीच्या कॉलेजची फी भरायला माझ्या पाटल्या गहाण पडल्या.

पाटल्या पुढे सुटल्या. पण मला डाचते ते माझे गप्प बसणे. इतक्या विद्वानांनी इतकी वर्षे खपून एक सल्ला माझ्या ओट्यापर्यंत आणून पोचविला, आणि तो ओट्यापासून ओसरीपर्यंत मला नेता आला नाही! अहिल्याबाईंचे नाव घेणाऱ्या आपल्या चांदवडात असे व्हावे काय?

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाच्या दारात एक फळा लावावा. पाळीपाळीने एकीने रोज सकाळी त्यावर हवामानाचा अंदाज लिहावा आणि दुपारी बदलला तर पुसून नवा लिहावा. अंदाज कधी चुकेलही. पण एक रात्र ताडपत्री फुकट टाकली म्हणून कोणाचे दिवाळे निघत नाही.

आता नाना रोज सकाळी चहाच्या वेळी मलाच विचारतात, “काय सूनबाई, आज काय म्हणतंय तुमचं आभाळ?” तेवढे ऐकायला मला एक अख्खा हंगाम मोजावा लागला. तुम्हाला तो मोजावा लागू नये, एवढीच रेणुकामातेजवळ प्रार्थना करून मी आपली रजा घेते.