उंबराचे फूल आणि स्पर्धेचा नियम
(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. जीवशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नव्हे, हे प्रथमच मान्य करतो. तरीही हा विषय घेतला, याला कारण आहे. उमेदीच्या वर्षांत मी वर्गात सांगत असे की, स्पर्धा हा निसर्गाचाच नियम असून बाजारपेठ तो केवळ पाळते. एकदा मागच्या बाकावरील एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, "सर, मग तुरीच्या बेवडावर ज्वारी चांगली का येते?" वर्ग हसला. मीही हसून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचे उत्तर मी निवृत्तीनंतर शोधले.

स्पर्धेच्या या कल्पनेचा उगम आमच्याच शास्त्रात आहे. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, असे माल्थसने १७९८ साली मांडले. डार्विनने ते पुस्तक १८३८ मध्ये वाचले आणि जीवनकलहाची कल्पना त्याला त्यातून स्फुरली. 'बलिष्ठ तोच टिकतो' अशा अर्थाने आपण वापरतो तो शब्दप्रयोग मूळचा डार्विनचा नाहीच. तो हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये रूढ केला आणि डार्विनने १८६९ च्या आवृत्तीत तो स्वीकारला. तेथेही 'योग्य' म्हणजे परिस्थितीशी जुळणारा. दंडेली करणारा नव्हे. अर्थशास्त्रातून निसर्गात गेलेली कल्पना पुढे निसर्गाचा शिक्का घेऊन अर्थशास्त्रात परत आली आणि गरिबाला मदत करणे निसर्गविरोधी आहे, असे सांगू लागली.

आता प्रत्यक्ष निसर्ग काय करतो ते पाहू. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. परंतु उंबराला फुले शेकड्यांनी येतात. आपण ज्याला फळ म्हणतो ती आत वळलेल्या फुलांची बंद कुपीच असते. तिच्या टोकावरील बारीक छिद्रातून गांधीलमाशीच्या जातीचा एक इवलासा कीटक आत शिरतो. शिरताना बहुधा त्याचे पंख तुटतात. ही मादी परागकण पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढच्या पिढीतील बिनपंखी नर बाहेर जाण्याची वाट कोरतात आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. या कीटकाशिवाय उंबराला बी नाही आणि उंबराशिवाय कीटकाला वंश नाही. ज्या किड्यांमुळे आपण उंबर टाकून देतो, त्यांच्यातलेच काही त्या झाडाचे उपकारकर्ते आहेत.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर तुरीच्या मुळांवरील गाठींत आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. पण कोणतीही वनस्पती तो स्वबळावर घेऊ शकत नाही. तो पकडण्यासाठी खताच्या कारखान्यात चारशे ते पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. तेच काम गाठींतले जिवाणू शेतातल्या साध्या उष्णतेत करतात. मोबदल्यात तूर त्यांना साखर पुरवते. जोमात असलेली गाठ कापून पाहा, ती आतून गुलाबी दिसते. तो रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा आहे! मुळे, पाने जमिनीत कुजली की त्या नत्राचा काही वाटा पुढच्या पिकाला मिळतो. यालाच शेतकरी बेवड म्हणतो.

परंतु हे सहकार्य भाबडे नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींतील जिवाणूंना नत्र मिळू दिला नाही. तेव्हा झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तेथील जिवाणूंची वाढ घटली. सहकारी संस्थांचे हिशेब तपासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मध्य व दक्षिण अमेरिकेत केवळ रक्तावर जगणारे वटवाघूळ आहे. दोन-तीन रात्री उपास पडला तर ते मरते. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टारिकात अभ्यास करून १९८४ मध्ये दाखविले की, पोट भरून आलेली वटवाघळे उपाशी सोबत्याला आपल्या पोटातले रक्त ओकून देतात. नातलगांना देतात, तशीच सहवासातल्या परक्यांनाही.

सर्वांत मोठे आश्चर्य आपल्याच शरीरात आहे. पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या. आजही त्यांचा स्वतःचा डीएनए वेगळा आहे. लिन मार्गुलिस यांनी हा विचार मांडणारा निबंध अनेक नियतकालिकांनी नाकारला. तो १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज हा सिद्धान्त सर्वमान्य आहे. म्हणजे 'मी एकटा' असे म्हणणारा माणूसही एका प्राचीन भागीदारीवर जगतो.

तथापि, मित्रहो, येथे सावध राहिले पाहिजे. सहकार हाच निसर्गाचा नियम, असे म्हणून मी जुनीच चूक उलट्या दिशेने करू इच्छित नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हेही निसर्गच आहे. क्रोपोटकिनने १९०२ च्या आपल्या ग्रंथात परस्परसाहाय्याची असंख्य उदाहरणे दिली, पण कलह नाकारला नाही. निसर्गात दोन्ही आहे. म्हणूनच त्याच्याकडून समाजासाठी आज्ञापत्र मागता येत नाही.

स्वस्त धान्य कोणाला द्यावे, किमान वेतन किती असावे, आजाऱ्याचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न माणसांचे आहेत आणि त्यांची उत्तरे माणसांनीच विचाराने व मताने द्यायची आहेत. जो कोणी "निसर्गाचाच नियम आहे" असे म्हणून ती उत्तरे आधीच ठरवून टाकील, त्याला तुरीचे एक रोप उपटून दाखवा. तो विद्यार्थी कोठे आहे, मला ठाऊक नाही. त्याला त्या दिवशी उत्तर मिळायला हवे होते.