पाण्याची वाट आणि आपले नागरिकत्व

(वाई येथील नागरिकांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



पुराविषयी बोलायचे तर वाईसारखे दुसरे ठिकाण नाही. या गावाने शतकानुशतके कृष्णामाईला अंगणापर्यंत येताना पाहिले आहे आणि तिला परत जाण्याची वाटही मोकळी ठेवली आहे. आपल्या ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. अगदी नदीच्या काठावर, पाण्याच्या तोंडाशी. त्या मंदिराची मागची भिंत पाहा. ती सरळ नाही, माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा येऊन आदळला की त्या टोकाशी तो दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. बांधणाऱ्याने पाणी येणारच हे गृहीत धरले आणि आपली वास्तू पाण्याच्या स्वभावाप्रमाणे घडवली. पाण्याला अडवण्याचा हट्ट त्याने धरला नाही.

घाटांचेही तसेच आहे. घाट म्हणजे केवळ स्नानसंध्येची सोय नव्हे. पाणी चढेल तेव्हा पायरी-पायरीने चढावे, उतरेल तेव्हा काठ न ढासळता उतरावे, आणि माणसाची वस्ती त्या शेवटच्या पायरीच्या वर असावी, असा तो नदी आणि नगर यांच्यातला दगडात कोरलेला करार आहे. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या घाटावर उभे राहिले, तरी हेच दिसेल. प्रश्न असा आहे की, तो करार आज कोण मोडते आहे?

दोन पूर

आपण ‘पूर’ हा एकच शब्द वापरतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नदीचा पूर. तो जोर आणि महाबळेश्वरच्या डोंगरातून येतो. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. असा पाऊस झाला की नदी फुगणारच. दुसरा पूर आपल्या रस्त्यावरचा, आपल्या वस्तीतला. त्यासाठी नदी फुगावी लागत नाही. तासाभराची एक वळवाची सर येते, चौकात गुडघाभर पाणी साचते, गटाराचे पाणी उंबरा ओलांडून देवघरापर्यंत येते. हा पूर आकाशातून येत नाही. तो आपण जमिनीवर तयार करतो.

त्याचा हिशोब साधा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे दहा हजार लिटर होते, म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर. पूर्वी त्या गुंठ्यावर माती होती, परसदार होते, चार झाडे होती. बरेचसे पाणी जमिनीत मुरत असे आणि उरलेले सावकाश वाहून जात असे. आता त्याच गुंठ्यावर घर, सिमेंटचे अंगण आणि फरशी आहे. जवळजवळ अख्खा टँकर रस्त्यावर येतो, तोही लगेच. पाच गुंठ्यांच्या भूखंडाचे पाच टँकर. शंभर घरांच्या वसाहतीचे किती, ते आपणच मोजा. आणि हे सारे पाणी जिथून जायचे, ते गटार मात्र वसाहतीत दहा घरे होती तेव्हाचेच असते. त्यातही निम्मे गाळाने आणि प्लॅस्टिकने भरलेले.

त्यातच रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. जुना थर खरवडून काढण्याची तसदी घेतली जात नाही. रस्ता वर जातो, घराचे जोते खाली राहते. मग पाण्याने घरात नाही शिरायचे, तर जायचे कुठे?

ओढ्याचा सातबारा

गावाच्या वाढीला कोणी विरोध करण्याचे कारण नाही. पुणे-बंगळूर महामार्ग जवळ, पाचगणी-महाबळेश्वरची वाट येथूनच, औद्योगिक वसाहत आहे, शिक्षणाच्या सोयी आहेत, वाई वाढणारच. परंतु वाढताना नगराने प्रथम कशाचा बळी दिला, तर ओढ्यांचा. बहुतेक वाढत्या शहरांत हीच कथा आहे. ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो, म्हणून तो रिकामी जागा वाटतो. कोणी त्यात भराव टाकतो, कोणी संरक्षक भिंत दोन फूट पुढे सरकवतो, कोणी त्यावर स्लॅब टाकून गाडी लावतो. शेवटी ओढा एका सिमेंटच्या पाइपात कोंबला जातो. तो पाइप रोजच्या सांडपाण्यापुरता असतो, पावसाळ्यातल्या लोंढ्यापुरता नसतो.

याचा परिणाम पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिला. आंबिल ओढ्याला कात्रजच्या बाजूने लोंढा आला आणि त्याच्या काठच्या वस्त्या व सोसायट्या पाण्यात गेल्या. त्या पावसात पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. मुठा नदीने हे केले नाही. ज्याचे नाव अनेक पुणेकरांना ठाऊक नव्हते, अशा एका ओढ्याने केले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पुष्कळांना मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे हे प्रथम कळले. ओढ्याच्या नावाचा सातबारा आपण विसरतो. ओढा विसरत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी का होईना, तो आपल्या जागेचा ताबा घ्यायला येतोच.

वाईकरांच्या बाबतीत एक विशेष धोका आहे. आपल्या डोक्यावर धोम धरण आहे. १९७० च्या दशकात ते उभे राहिले आणि सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी ते साठवते. त्यामुळे पावसाळ्यातले लहान-मध्यम पूर पुष्कळ कमी झाले. ही चांगलीच गोष्ट. परंतु पुराबरोबर पुराची आठवणही ओसरली. ज्या पिढीने घाटाच्या वर चढलेले पाणी वारंवार पाहिले, ती आता थकली. नव्या पिढीला वाटते, धरण आहे तोवर चिंता नाही. धरण मुळात पाणी साठवण्यासाठी असते. ते भरल्यावर वरून येईल तितके पाणी खाली सोडावेच लागते, आणि धरणाच्या खालच्या डोंगरउतारावरचा पाऊस तर त्याच्या हिशोबातही नसतो. दोन्ही एकाच रात्री आले, तर नदी आपली जुनी पातळी पुन्हा दाखवते. दरम्यान त्या पातळीच्या आत आपण बांधकामे करून बसलेलो असतो.

यासाठीच पूररेषा आखलेल्या असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंधांसह. भूखंड घेताना आपण पत्रिका पाहतो, वास्तुशास्त्र पाहतो, बँकेचे कर्ज पाहतो. पूररेषा कितीजण पाहतात?

सांगलीचा धडा

आपल्या खाली सांगली आहे. तिथल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, २०१९ साली ५७ फुटांच्या पुढे, आणि २०२१ साली पुन्हा ५४ फुटांच्या पुढे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि १७ जणांना जलसमाधी मिळाली. त्या दिवसांत सांगली-कोल्हापूरकडे अनेक संस्था-संघटनांचे कार्यकर्ते आणि स्वयंसेवक धावले. अन्न शिजवले, घरांतला चिखल उपसला, जनावरांना चारा पोहोचवला. समाजाचे हे रूप पाहून कोणाचाही ऊर भरून यावा.

पण त्याच समाजाला एक प्रश्न विचारला पाहिजे. पूर आल्यावर जे हजारो हात पुढे येतात, ते मे महिन्यात कुठे असतात?

सांगलीत पूर आला की चर्चा अलमट्टीकडे जाते. तो प्रश्न लहान नाही. तो राज्याने तज्ज्ञांच्या बळावर नेटाने मांडलाच पाहिजे. परंतु २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडेही बोट दाखवले होते, त्याचे काय? शामरावनगरसारख्या सखल भागात नदीला पूर नसतानाही नुसत्या पावसाने पाणी साचते, त्याला कोणते धरण जबाबदार आहे? तिथे पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजवून भूखंड पडले. कोणी विकले, कोणी घेतले, कोणी गुंठेवारीत नियमित करून दिले. यात शेजारच्या राज्याचा हात नाही.

परंपरेतील नागरिकशास्त्र

नागरी स्वच्छता ही आपण पश्चिमेकडून शिकलो, असा एक समज आहे. मोहेंजोदडो आणि लोथल येथील विटांच्या बांधीव गटारांनी तो खोटा ठरवला आहे. परंतु पूर्वजांची गटारे दाखवून मिरवण्याने आपली गटारे वाहती होत नाहीत. पूर्वजांकडून घ्यायची ती त्यांची शिस्त.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. रस्त्यावर माती-केर टाकणाऱ्याला एक-अष्टमांश पण दंड. चिखलपाण्याने रस्ता अडवणाऱ्याला पाव पण दंड. आणि हाच अपराध राजमार्गावर केला तर दुप्पट. याहून महत्त्वाचे पुढे आहे. नदीकाठच्या गावांनी पावसाळ्यात पुराच्या पातळीपासून दूर राहावे, लाकडे, बांबू आणि नावा आधीच जवळ ठेवाव्यात, वाहून जाणाऱ्याला भोपळे, पखाली, तराफे यांच्या साहाय्याने तारावे, असे तो सांगतो. आणि साधन असून जो मदतीला धावणार नाही, त्याला बारा पण दंड! म्हणजे पूररेषा, पूर्वतयारी आणि नागरिकांचे कर्तव्य हे तिन्ही विषय त्याने काही ओळींत सांगून ठेवले. आपल्या राज्यघटनेतही अनुच्छेद ५१ अ मध्ये नद्या आणि तळी यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. परंपरा आणि घटना दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील, तर आपल्याला पळवाट उरत नाही.

इथे थोडे कटू बोलले पाहिजे. आपण कृष्णेला माई म्हणतो, तिची ओटी भरतो. आणि त्याच हातांनी निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी तिच्यात सोडतो. घराचे सांडपाणी पावसाच्या गटारात जोडतो आणि ते गटार नदीला मिळते. वाईने सोडलेले हे पाणी संगम माहुलीला, कऱ्हाडला, सांगलीला, नरसोबाच्या वाडीला जाते. तिथेही कोणी ओंजळीत घेऊन अर्घ्य देतो. आईच्या पदरात घाण टाकून तिच्या आरतीला उभे राहणे, याला भक्ती कसे म्हणावे?

दुसरी कटू गोष्ट. अतिक्रमण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठची झोपडी येते. त्या माणसाला दुसरी जागा परवडत नाही, म्हणून तो तिथे राहतो. त्याचे योग्य पुनर्वसन झाले पाहिजे. परंतु ओढ्याच्या आत सरकलेली बंगल्याची भिंत, भराव घालून उभे केलेले मंगल कार्यालय, ओळखीच्या जोरावर मिळवलेला परवाना हे गरिबाचे काम नव्हे. ते आपल्यासारख्या सुशिक्षितांचे आहे. नियम आधी आपल्या कुंपणाला लागू झाला पाहिजे, तरच तो दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.

सात आळ्या, सात ओढे

मग करायचे काय? वाईला त्यासाठी नवी संघटना काढण्याची गरज नाही. आपल्याकडे कृष्णाबाईचा उत्सव आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवरायांच्या यशासाठी कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. भीमकुंड आळीपासून गंगापुरीपर्यंत प्रत्येक घाट आपापला उत्सव करतो. वर्गणी गोळा होते, प्रसादाच्या पंगती बसतात, हिशोब चोख ठेवला जातो. सरकारचा एक आदेश न येता शेकडो माणसे आपापले काम करतात. आणि हा उत्सव येतो तो पावसाळ्याच्या आधी.

प्रत्येक आळीने उत्सव आटोपल्यावर आपल्या भागातले एक गटार, एक ओढा, एक मोरी दत्तक घ्यावी. उन्हाळ्यात एकदा तो ओढा उगमापासून नदीपर्यंत पायी चालून पाहावा. कुठे अरुंद झाला, कुठे पाइपात गेला, कुठे भराव पडला, याचा नकाशा तरुणांनी काढावा. नगरपालिकेने नालेसफाईवर किती खर्च केला आणि काढलेला गाळ कुठे टाकला, हे विचारावे. काठावरच ठेवलेला गाळ पहिल्या पावसात पुन्हा आत जातो. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. तो भांडणासाठी नव्हे, हिशोबासाठी वापरावा. गटारे बांधणे आणि साफ ठेवणे हे नगरपालिकेचे कर्तव्यच आहे. आपण झाडू हाती घेतला म्हणून तिची सुटका होत नाही. उलट, ज्याने स्वतः ओढा चालून पाहिला आहे, त्याच्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देता येत नाही.

घरातले काम तर अगदी सोपे. अंगणाचा निम्मा भाग मातीचा ठेवावा. छपराचे पाणी शोषखड्ड्यात किंवा विहिरीत सोडावे. ओला कचरा परसात जिरवावा. निर्माल्याचे खत करावे. भूखंड घेण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहावा आणि ओढ्यातला भूखंड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. जो घेणारा नाही, तो विकणाराही राहणार नाही.

मित्रहो, राष्ट्रभक्ती सीमेवर सिद्ध करण्याची संधी फार थोड्यांना मिळते. आपल्यापैकी बहुतेकांची परीक्षा दारासमोरच्या गटारापाशी होणार आहे. कुणी पाहत नसताना हातातली पिशवी त्यात टाकायची की नाही, एवढीच ती परीक्षा. रास्त्यांनी देवाच्या घरालाही पाण्याला वाट देणारी भिंत घातली. आपण आपल्या घराची भिंत पाण्याच्या वाटेतून दोन फूट मागे घेऊ शकणार नाही काय?

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक आळीने याचे उत्तर कृतीने द्यावे, एवढीच कृष्णाकाठी आपल्याला विनंती.